पगार २४ हजारांनी वाढला, मग बचत कमी कशी झाली? मोठ्या शहरात जाण्याचं गणित समजून घ्या

नागपुरात महिन्याला ३८ हजार रुपये हातात येतायत. पुण्यातल्या कंपनीची ऑफर आली आहे आणि तिथे हातात ६२ हजार पडणार आहेत. म्हणजे एका फटक्यात २४ हजारांची, जवळपास ६३ टक्क्यांची वाढ. घरी पेढे येतात, मित्र पार्टी मागतात. मग मामा किंवा काका हळूच विचारतात, "पण पुण्यात भाडं किती आहे, बघितलंस का?"

विदर्भ, मराठवाडा, खानदेश, कोल्हापूर-सांगली, कोकण अशा सगळ्याच भागांतले तरुण पुणे, मुंबई किंवा बंगळुरूला जायचं की नाही, या प्रश्नापाशी कधी ना कधी येतात. सोशल मीडियावर याची दोनच उत्तरं सापडतात. एक गट म्हणतो, "छोट्या शहरात राहून काही होत नाही." दुसरा म्हणतो, "तिथे जाऊन घरमालकाचीच भर करायची."

खरं उत्तर तीन गोष्टींवर ठरतं. आत्ता तुम्ही कुठे आणि कुणासोबत राहता? तुमच्यासोबत आणखी किती जण शहर बदलणार आहेत? आणि महिन्याच्या शेवटी जे पैसे उरतील, ते शेवटी कुठल्या शहरात खर्च होणार आहेत? यातला तिसरा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो, पण निर्णय बऱ्याचदा त्यावरच फिरतो.

शहर महाग म्हणजे नेमकं काय महाग?

मोठ्या शहरात सगळंच महाग नसतं. मोबाइलचा रिचार्ज, ऑनलाइन घेतलेले कपडे, लॅपटॉप, विम्याचा हप्ता, गाडीचा ईएमआय यांची किंमत नागपूर, नाशिक, पुणे, मुंबई सगळीकडे जवळपास सारखीच. किराणा आणि भाज्यांत फरक असतो, पण तो घर हलवायला लावेल इतका नसतो.

फरक पडतो तो जागेत आणि माणसांच्या श्रमात. घरभाडं, मेस किंवा डबा, घरकामाच्या मावशी, पाळणाघर, रोजचा प्रवास. ज्या ज्या गोष्टीत त्या शहरातली जमीन किंवा त्या शहरात राहणाऱ्या माणसाचा वेळ लागतो, ती गोष्ट मोठ्या शहरात महाग होते.

त्यातही भाडं आणि प्रवास या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. मुंबईत काम करणारा माणूस कल्याण किंवा विरारला राहिला तर भाडं वाचतं. लोकलचा सेकंड क्लासचा मासिक पासही खिशाला फार जड नाही. पण रोजचे तीन-चार तास प्रवासात जातात. पुण्यात हिंजवडीच्या जवळ घर घेतलं तर भाडं जास्त, लांब घेतलं तर ट्रॅफिक आणि पेट्रोल. म्हणून "तिकडे भाडं किती?" हा प्रश्न अर्धाच आहे. "ऑफिसपासून किती लांबच्या घराचं भाडं?" असा तो विचारायला हवा.

महागाईचा आकडा इथे कामाला येत नाही

अनेक जण दोन शहरांची तुलना करायला महागाई निर्देशांक शोधतात. केंद्र सरकारचा लेबर ब्युरो औद्योगिक कामगारांसाठी देशातल्या ८८ केंद्रांचा ग्राहक किंमत निर्देशांक काढतो. पण त्यावरून कोणतं शहर किती महाग, हे कळत नाही.

कारण हा निर्देशांक प्रत्येक शहराची तुलना त्याच शहराच्या जुन्या किमतींशी करतो. २०१६ मधल्या किमती १०० धरल्या, तर आज त्या किती झाल्या, एवढंच तो सांगतो. २०१६ मध्ये मुंबईचं भाडं नागपूरच्या दुप्पट होतं की तिप्पट, हे त्यात येत नाही. त्या वर्षी दोन्ही शहरांची सुरुवात १०० पासूनच होते. त्यामुळे नागपूरचा आकडा मुंबईपेक्षा जास्त दिसला तर नागपूर महाग झालं असा अर्थ काढू नका. तिथे किमती जास्त वेगाने वाढल्या, इतकंच ते सांगतं.

इंटरनेटवरचे खर्चाची तुलना करून देणारे कॅल्क्युलेटर बऱ्याचदा लोकांनी स्वतः भरलेल्या किमतींवर चालतात. सुरुवातीचा अंदाज घ्यायला ते ठीक, पण राजीनामा देण्याइतका भरवसा त्यांच्यावर ठेवू नये.

सरकार हा फरक कसा मोजतं?

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची बदली देशभर होते. त्यामुळे महाग आणि स्वस्त शहराचा हिशेब सरकारला करावाच लागतो. त्यासाठी लोकसंख्येनुसार शहरांचे तीन वर्ग आहेत. ५० लाखांहून मोठी शहरं एक्स वर्गात, ५ ते ५० लाखांची वाय वर्गात आणि त्याहून लहान गावं झेड वर्गात. मुंबई, पुणे आणि बंगळुरू एक्स वर्गात आहेत, नागपूर, नाशिक, सोलापूर, कोल्हापूर वाय वर्गात.

सातव्या वेतन आयोगाच्या नियमाप्रमाणे महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यावर, म्हणजे जानेवारी २०२४ पासून, घरभाडे भत्ता मूळ पगाराच्या अनुक्रमे ३०, २० आणि १० टक्के झाला. समजा मूळ पगार ५० हजार आहे. नागपुरात घरभाडे भत्ता १० हजार मिळतो, मुंबईत बदली झाली की १५ हजार. वाढ ५ हजारांची. मुंबईत भाड्याने राहणाऱ्या कुणालाही विचारा, एवढ्याने फरक भरून निघतो का. सरकारी निवासस्थान मिळालं तर प्रश्नच वेगळा, पण ते मिळालं नाही तर बदली ही बऱ्याचदा पगारकपातच ठरते.

यातून एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. शहराचा फरक टक्क्यांत नाही, तर तुम्ही प्रत्यक्ष घेणार त्या घराच्या रुपयांत मोजायचा.

एकच ऑफर, तीन वेगळी उत्तरं

आता ३८ हजारांवरून ६२ हजारांच्या त्या ऑफरकडे येऊ. खालचे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. तुमच्या शहरातले, तुमच्या सवयींचे आकडे टाकून तेच गणित करता येईल.

पहिलं उदाहरण: नागपुरात आई-वडिलांसोबत राहणारी मुलगी.

नागपुरात ती घरी १० हजार देते. पेट्रोल, फोन, बाहेरचं खाणं, कपडे यांवर ८ हजार जातात. ३८ हजारांतून २० हजार उरतात.

पुण्यात तिचा महिन्याचा खर्च असा असेल:
- शेअरिंगच्या फ्लॅटमधला भाड्याचा वाटा: १२ हजार
- मेस, डबा, थोडं घरचं: ७ हजार
- वीज, इंटरनेट, गॅस, मावशी: ३ हजार
- रोजचा प्रवास: ४ हजार
- वैयक्तिक खर्च: ९ हजार
- घरी ये-जा, महिन्याची सरासरी: अडीच हजार
- घरी पाठवायचे: १० हजार

एकूण ४७,५००. म्हणजे ६२ हजारांतून उरले १४,५००.

पगार २४ हजारांनी वाढला आणि बचत साडेपाच हजारांनी कमी झाली. यात उधळपट्टी कुठेच नाही. नागपुरात तिला आई-वडिलांच्या घरात खोली आणि जेवण मिळत होतं आणि त्याचं बिल कधी आलं नव्हतं. पुण्यात ते आलं.

दुसरं उदाहरण: गोंदियाहून येऊन नागपुरात आधीच खोली घेऊन राहणारा मुलगा.

त्याचा नागपुरातला खर्च भाड्याचा वाटा ५ हजार, डबा ५ हजार, वीज-इंटरनेट दीड हजार, प्रवास अडीच हजार, वैयक्तिक ६ हजार, घरी ये-जा १ हजार आणि घरी पाठवायचे ८ हजार. एकूण २९ हजार, उरतात ९ हजार.

पुण्यात त्याचाही खर्च वरच्यासारखाच, फक्त घरी ८ हजार जातात. एकूण ४५,५००. उरतात १६,५००.

म्हणजे तीच कंपनी, तेच पद, तोच पगार. एकीची बचत ५,५०० ने घटली, दुसऱ्याची ७,५०० ने वाढली. जो आधीच घराबाहेर पडला आहे, त्याला पुढचं स्थलांतर स्वस्त पडतं. म्हणूनच या बाबतीत मित्राचा अनुभव ऐकताना "तू आधी कुठे राहत होतास?" हे विचारणं गरजेचं आहे.

तिसरं उदाहरण: नवरा, बायको आणि तीन वर्षांचं मूल.

नवऱ्याला नागपुरात ६० हजार मिळतात, पुण्यात ९५ हजार मिळणार. बायको नागपुरात शाळेत शिकवते, तिला २५ हजार मिळतात. घर सासू-सासऱ्यांचं, मुलाला आजी सांभाळते. घरात महिन्याला ८५ हजार येतात, ४५ हजार खर्च होतात, ४० हजार उरतात.

पुण्यात गेल्यावर बायकोची नोकरी सुटते. घरात ९५ हजार येतात. दोन बेडरूमच्या फ्लॅटचं भाडं २८ हजार, घरखर्च ५२ हजार, नागपूरच्या फेऱ्या आणि इतर ५ हजार. उरतात १० हजार.

बायकोला पुण्यात ३५ हजारांची नोकरी मिळाली असं धरू. पाळणाघराचे १० हजार आणि तिचा प्रवास, घरकामाची मदत यांचे ५ हजार वजा केले, तरी भर पडते २० हजारांची. एकूण बचत ३० हजार. नागपूरपेक्षा अजूनही १० हजारांनी कमी.

इथे ऑफर लेटर नवऱ्याच्या नावाने येतं, पण खर्चाची बाजू बायकोच्या सुटलेल्या नोकरीत आणि आजीच्या न मोजलेल्या कामात असते. "माझा पगार ५८ टक्क्यांनी वाढला" हे वाक्य खरं आहे. "आपलं उत्पन्न ५८ टक्क्यांनी वाढलं" हे मात्र खरं नाही.

मग पगार मागायचा किती?

याचं सूत्र सोपं आहे: आजची महिन्याची बचत अधिक नव्या शहरातला एकूण खर्च. तेवढा पगार हातात आला तर तुम्ही आज जिथे आहात तिथेच राहता, मागे पडत नाही. त्याच्या वर जे मिळेल तो खरा फायदा.

पहिल्या उदाहरणातल्या मुलीसाठी हा आकडा २० हजार अधिक ४७,५००, म्हणजे ६७,५०० होतो. ऑफर ६२ हजारांची आहे. एचआरशी बोलताना "थोडं वाढवून द्या" म्हणण्यापेक्षा हा आकडा डोक्यात असलेला बरा. पगार वाढत नसेल तर जॉइनिंग बोनस, सुरुवातीच्या काही आठवड्यांचं राहणं किंवा आठवड्यातले काही दिवस घरून काम, हे मागता येतं.

सीटीसी, पीएफ आणि टॅक्स

ऑफर लेटरवरचा आकडा सीटीसीचा असतो. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, कधी विम्याचा हप्ता आणि कामगिरीवर मिळणारा व्हेरिएबल पे हे सगळं धरलेलं असतं. शहराची तुलना करताना व्हेरिएबल बाजूला ठेवून महिन्याला खात्यात जमा होणारी रक्कम विचारावी.

पीएफ मात्र हिशेबात घ्यायला हवा, कारण तोही बचतच आहे. मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के कर्मचाऱ्याचे आणि तेवढेच कंपनीचे जातात. समजा पहिल्या उदाहरणात मूळ पगार १८ हजारांवरून ३१ हजार झाला आणि पीएफ पूर्ण मूळ पगारावर कापला जातो. दोन्ही वाटे मिळून महिन्याला ३,१२० रुपये जास्त जमा होतील. म्हणजे साडेपाच हजारांची घट प्रत्यक्षात २,४०० च्या आसपास येते. काही कंपन्या १५ हजारांच्या वेतनमर्यादेवरच पीएफ भरतात. तिथे हा फायदा मिळत नाही, म्हणून आधी विचारून घ्यावं.

टॅक्सबद्दल एक जुना सल्ला अजून फिरतो: "भाड्याची पावती लाव, टॅक्स वाचेल." घरभाडे भत्त्यावरची ही सवलत फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. नव्या प्रणालीत ती नाही आणि आता नवी प्रणालीच डीफॉल्ट आहे. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर लागत नाही. पगारदारांना ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरून ही मर्यादा १२ लाख ७५ हजार होते. तेवढ्या पगारापर्यंत भाड्याच्या पावतीने काहीच वाचत नाही, कारण वाचवायला करच नसतो. त्याहून जास्त पगार आणि मोठं भाडं असेल, तर दोन्ही प्रणालींत हिशेब करून पाहावा.

पहिल्या दोन महिन्यांचा खड्डा

पहिला पगार हातात यायच्या आधीच बराच पैसा जातो. डिपॉझिट, ब्रोकरेज, गादी, बादली, शेगडी, सामानाची गाडी. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे. नोंदणीची जबाबदारी कायद्याने घरमालकावर असली, तरी तिचा खर्च बऱ्याचदा भाडेकरूकडूनच घेतला जातो.

दुसऱ्या उदाहरणातल्या मुलाचं ब्रोकरेज आणि सामान मिळून ३० हजार गेले असं धरू. महिन्याला ७,५०० जास्त वाचत असतील, तर ते भरून निघायला चार महिने लागतात. डिपॉझिट परत मिळतं, पण तोपर्यंत अडकून पडतं. घर दरवर्षी बदलावं लागलं, तर हा खर्चही दरवर्षी येतो. त्यामुळे एकटं राहणाऱ्यांनी पहिले दोन-तीन महिने कॉट बेसिसवर किंवा पीजीत काढून, ऑफिसचा रस्ता समजल्यावर फ्लॅट शोधणं बऱ्याचदा स्वस्त पडतं.

उरलेले पैसे कुठे खर्च होणार?

आता तो तिसरा प्रश्न. समजा दुसऱ्या उदाहरणातल्या मुलाला घर घ्यायचं आहे. आपल्या भागात ४० लाखांना मिळणारं घर पुण्यात ८० लाखांना मिळतं असं धरू. बँक दोन्हीकडे जास्तीत जास्त ८० टक्के कर्ज देईल. रिझर्व्ह बँकेच्या नियमात ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जाला हीच मर्यादा आहे. म्हणजे स्वतःचे २० टक्के उभे करायचे. गावाकडे ८ लाख, पुण्यात १६ लाख. स्टॅम्प ड्युटी, व्याज आणि वाढत्या किमती तूर्त बाजूला ठेवू.

- नागपुरातच राहून महिन्याला ९ हजार वाचवले, तर ८ लाख जमायला साधारण साडेसात वर्षं लागतात.
- पुण्यात जाऊन १६,५०० वाचवले आणि घर आपल्या भागात घेतलं, तर चार वर्षं.
- पुण्यात जाऊन १६,५०० वाचवले आणि घर पुण्यातच घेतलं, तर आठ वर्षं.

म्हणजे महाग शहरात कमावून स्वस्त शहरात खर्च करणाऱ्याला स्थलांतराचा फायदा जवळपास दुप्पट मिळतो. महाग शहरात कमावून तिथेच स्थायिक होणाऱ्याला, निदान घराच्या बाबतीत, तो फायदा उरतच नाही. पुण्यात राहायचं असेल तर राहावंच, पण ते पगारासाठी परवडतं म्हणून नाही, तर पुणं हवं आहे म्हणून, हे स्वतःशी स्पष्ट असावं.

महाराष्ट्राला हे गणित नवीन नाही. गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार गावकीच्या खोलीत दाटीवाटीने राहायचे, खानावळीत जेवायचे आणि मनीऑर्डर गावाला करायचे. मुंबईच्या भाड्यात पूर्ण कुटुंब बसणारं नव्हतं. बायका-मुलं गावी, शेती गावी आणि पगार मुंबईचा, म्हणूनच ते जमत होतं. त्याची किंमतही मोठी होती. संसार दोन ठिकाणी वाटला जायचा आणि गावचा भार बायकांवर पडायचा. १९८२ च्या गिरणी संपात पगार थांबले, तेव्हा अनेकांना आधार याच गावाचा झाला.

फक्त पैशांनी न मोजता येणारं

कमी बचत होत असूनही जाणं शहाणपणाचं ठरू शकतं. त्याचं मुख्य कारण कामाचा अनुभव. होर्हे दे ला रोका आणि दिएगो पुगा या अर्थतज्ज्ञांनी स्पेनमधल्या कामगारांच्या नोंदी तपासून २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मोठ्या शहरात पाऊल ठेवताच पगार थोडा जास्त मिळतो, पण खरा फरक तिथल्या अनुभवाने वर्षागणिक पडत जातो, असं त्यांना दिसलं. पुढे तो माणूस छोट्या शहरात परतला, तरी त्या अनुभवाचं मोल बरंचसं टिकून राहतं.

स्पेनचं चित्र जसंच्या तसं इथे लागू होईल असं नाही. पण तर्क ओळखीचा आहे. पुण्यात गाड्यांच्या आणि आयटीच्या, मुंबईत बँकिंग आणि मनोरंजनाच्या कंपन्या शेजारी शेजारी आहेत. काम पाहून शिकता येतं आणि पुढची नोकरी शहर न बदलता मिळते.

हे महत्त्वाचं आहे, कारण नुसत्या वार्षिक पगारवाढीने फारसा फरक पडत नाही. पहिल्या उदाहरणातल्या मुलीचा पगार दोन्ही शहरांत दरवर्षी ८ टक्क्यांनी आणि खर्च ६ टक्क्यांनी वाढला असं धरा. तीन वर्षांनी पुण्यातली बचत २१,५०० च्या आसपास असेल, नागपुरात राहिली असती तर २६,४००. दरी साडेपाच हजारांवरून जेमतेम पाच हजारांच्या खाली येते. ती भरून निघते ती पुढच्या मोठ्या उडीने. त्यामुळे पुण्यातल्या नोकरीत नवीन काही शिकायला मिळणार नसेल, नागपुरातलंच काम मोठ्या इमारतीत बसून करायचं असेल, तर कमी बचत सोसण्याला फारसा अर्थ राहत नाही.

दुसरी बाजू आधाराची. कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी २०१६ मध्ये भारताबद्दल एक अभ्यास मांडला. शहरातली महागाई वजा केली, तरी गाव आणि शहर यांच्या मजुरीत २५ टक्क्यांहून जास्त फरक राहतो. तरीही पुरुष गाव सोडून कायमचे शहरात का जात नाहीत, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या मते गावातले नात्यागोत्याचे आणि जातीचे संबंध अडचणीच्या वेळी विम्यासारखे उपयोगी पडतात. गाव सोडणाऱ्याच्या घराला तो विमा गमावण्याची भीती असते.

हा अभ्यास खेड्यांबद्दलचा आहे, पण त्यातली भीती नागपूर, लातूर, जळगावच्या घरांतही असते. नोकरी गेली तर आई-वडिलांच्या घरी भाडं थांबत नाही, कारण ते नसतंच. पुण्यात ते दर महिन्याला द्यावं लागतं. वडिलांना रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर पुण्याहून नागपूर रात्रभराच्या अंतरावर आहे. म्हणून मोठ्या शहरात जाताना सहा महिन्यांचा तिथला खर्च हाताशी ठेवावा आणि गावाकडे अडीअडचणीला धावून जाणारं कोण आहे, हे आधी ठरवून घ्यावं.

हो म्हणण्याआधी विचारायचे प्रश्न

- हातात नेमके किती येतील, आणि व्हेरिएबल वगळून किती?
- आज महिन्याला किती वाचतात? तेवढे अधिक नव्या शहरातला खर्च, हा आकडा ऑफरमध्ये बसतो का?
- घरी आज जे फुकट मिळतंय, म्हणजे खोली, जेवण, मूल सांभाळणं, त्याचं नव्या शहरातलं बिल किती?
- जोडीदाराच्या नोकरीचं काय होणार? ती मिळायला सहा महिने लागले तर चालेल का?
- या कामातून तीन वर्षांनी असं काय येईल, जे इथे राहून आलं नसतं?
- तीच कंपनी किंवा तसंच काम जवळ मिळू शकतं का? नागपूरच्या मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांची केंद्रं आहेत. दोन-तीन वर्षांनी तिकडे बदली मिळते का, हे जॉइन होतानाच विचारता येतं.
- पाच-सात वर्षांनी राहायचं कुठे आहे?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आज पक्कं नसलं तरी चालेल, पण अंदाज असायला हवा. परत यायचं असेल, तर महाग शहरातलं प्रत्येक वर्ष बचतीचं आणि शिकण्याचं आहे, तिथे मोठा फ्लॅट आणि नवी गाडी घेऊन ती वर्षं वाया घालवू नयेत. तिथेच राहायचं असेल, तर पहिल्या पगारापेक्षा दहा वर्षांनंतरचा पगार आणि तिथल्या घराची किंमत यांची तुलना करावी. आणि कुटुंब घेऊन जायचं असेल, तर हा हिशेब ज्याच्या नावाने ऑफर आली त्याने एकट्याने करू नये. ज्याची नोकरी सुटणार आहे, त्यानेही शेजारी बसून तो करायला हवा.